मदत हवी आहे: संरक्षणामुळेच नदीतले जीव वाचले, हे ठरवायचं कसं?

नमस्कार. संरक्षित क्षेत्रांचा गोड्या पाण्यातल्या जीवांना कितपत फायदा होतो, यावर मी दीर्घ लेख लिहितेय आणि एका जागी पुरती अडकलेय.

जंगलातल्या प्राण्यांचं त्यामानाने सोपं. हद्दीच्या आत किती, बाहेर किती, मोजून बघायचं. नदी मात्र हद्द मानत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर उद्यानात ऑलिफंट्स नदी येते ती खाणी आणि शेतीचा पट्टा ओलांडून. तिथे २००८ मध्ये उद्यानाच्या आतच दीडशेहून जास्त मगरी मेल्या, शरीरातल्या चरबीचा दाह होऊन. चीनमध्ये यांगत्सेच्या बैजी डॉल्फिनसाठी राखीव पट्टे होते, तरी २००६ च्या शोधमोहिमेत एकही डॉल्फिन सापडला नाही. हे वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही.

दुसरा घोळ असा की बरीच संरक्षित क्षेत्रं डोंगरात, नदीच्या उगमाकडे असतात. तिथे पाणी मुळातच स्वच्छ आणि माशांच्या जाती मुळातच कमी. मग आतलं चांगलं पाणी हे संरक्षणाचं यश म्हणायचं का? आणि जाती कमी दिसल्या तर अपयश? तुलनेसाठी नदीचा कोणता भाग धरायचा? अभ्यास केलेल्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

एकाच नदीचा वरचा आणि खालचा भाग समोरासमोर ठेवू नका, फसाल. शेजारच्या खोऱ्यातला, तेवढ्याच उंचीचा, तेवढ्याच पात्राचा प्रवाह घ्या. संरक्षण लागू होण्याआधीच्या नोंदी मिळाल्या तर फारच उत्तम.

पण त्याही आधी बघा, तिथला नियम नेमका कोणता धोका अडवतो? थायलंडमध्ये साल्वीनच्या एका उपनदीवर गावांनी स्वतः राखलेले मासेमारीबंदीचे छोटे छोटे पट्टे आहेत. अशा २३ पट्ट्यांच्या अभ्यासात माशांचं एकूण वजन लगतच्या खुल्या भागापेक्षा सरासरी वीसपटीहून जास्त भरलं. धोका जाळ्याचा होता, तो जागच्या जागी थांबला, म्हणून शेजारची तुलनाही चालली. धोका धरणाचा किंवा वरून येणाऱ्या विषाचा असेल तर आत-बाहेर सारखंच नुकसान होतं, आणि आकड्यांत काहीच फरक दिसत नाही.

कधी धोका आतच असतो. कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात संरक्षित तळ्यांतही गळाच्या शौकिनांसाठी ट्राउट मासे सोडले गेले आणि त्यांनी तिथले बेडूक संपवत आणले. जिथून ट्राउट काढले, तिथे बेडूक पुन्हा वाढले.

धागाकर्ती

मनापासून आभार! मी सगळी उदाहरणं एकाच तक्त्यात कोंबत होते. आता धोक्यानुसार वेगळी करते. एक शंका उरलीच: धरण हद्दीबाहेर, वरच्या अंगाला असेल आणि बांधण्याआधीच्या नोंदीच नसतील, तर कशाशी ताडून बघायचं?