मदत हवी आहे: जन्मदाखल्यावर एक वडील, शाळेच्या दाखल्यावर दुसरे (ठाणे)

नमस्कार. मावसबहिणीसाठी विचारतेय. ती कळव्याला राहते. जन्म १९९१ चा, ठाण्यातलाच, आणि पालिकेच्या जन्मदाखल्यावर जन्मदात्या वडिलांचं नाव आहे. ती लहान असताना मावशीचा घटस्फोट झाला. मावशीने दुसरं लग्न केलं आणि शाळेत नाव घालताना नव्या काकांचं नाव लागलं. दत्तकविधान झालेलं नाही. पुढे आधार, पॅन, सगळीकडे तेच नाव.

गेल्या वर्षी जन्मदाते वडील वारले. कोपरीत त्यांचा फ्लॅट आहे. मृत्युपत्र नाही, त्यांनी पुन्हा लग्न केलं नव्हतं, त्यांची आईही आधीच गेलेली. म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातली वारस ती एकटीच. पण तिचे चुलते शाळेचा दाखला पुढे करून म्हणतात, "ही आमची नव्हेच." फ्लॅटचं काय व्हायचं ते होईल, पण हे तिच्या मनाला फार लागलंय.

राजपत्रात नाव बदलून घे, असं बरेच जण सुचवतात. त्याने नाव बदलेल, पण ती कोणाची मुलगी हे कसं सिद्ध होणार? तिला कोर्टाचाच निकाल हवाय. जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला आणि ताब्याबाबत तिचा उल्लेख असलेला घटस्फोटाचा हुकूमनामा हाताशी आहे. जन्म लग्न टिकून असतानाचा, त्यामुळे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११६ चं गृहीतक (लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच) तिच्या बाजूने आहे. तरी चुलत्यांनी डीएनएचा आग्रह धरला तर? कोर्ट अशी चाचणी सरसकट लावत नाही, एवढं वाचलंय.

खरा घोळ दावा कुठे लावायचा याचा. एक वकील म्हणतात, विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ खाली दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा लावा, म्हणजे ती त्यांची मुलगी आहे असं कोर्टाने जाहीर करावं. दुसरे म्हणतात, औरसत्वाच्या (मूल लग्नसंबंधातलं असल्याच्या) घोषणेचे दावे कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे कुटुंब न्यायालयात जातात. की १८२७ च्या बॉम्बे रेग्युलेशन ८ या जुन्या कायद्याखाली थेट वारस दाखल्याचा अर्ज करून नातं तिथेच शाबीत करावं? शिवाय कलम ३४ मध्ये पुढची दाद मागता येत असून मागितली नाही तर नुसती घोषणा मिळत नाही. मग फ्लॅट विकू नये म्हणून मनाई हुकूमही त्याच दाव्यात मागायचा ना?

ज्यांनी तिला वाढवलं ते काका स्वतः म्हणाले, "मी साक्षीला उभा राहतो." त्यांची साक्ष कितपत उपयोगी पडेल? त्यांना उलटतपासणीत फार त्रास होऊ नये, याची तिला काळजी आहे.

फी परवडणं कठीण आहे. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो, तर ठाण्यात त्या मार्गाने दिवाणी दावा कुणी चालवलाय का? कसा वकील मिळाला, तेही सांगा.