पाळत ठेवणाऱ्यावर स्वतःच शॉर्टफिल्म करायचीय, चेहरा न दाखवता जमेल का?

खिडकीतली:
नमस्कार, बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

एका माणसाशी संबंध तोडून दीड वर्ष झालं पण त्याच्या लेखी ते तुटलेलेच नाहीत. आधी मेसेज, ब्लॉक केल्यावर नवनवीन नंबरांवरून मेसेज, मग मी ऑफिसातून किती वाजता निघाले ते मलाच कळवणं. एका रात्री पावणेतीनला झोप येईना म्हणून पाणी प्यायला उठले, लाइट लावला आणि दोन मिनिटांत मेसेज, "अजून जागी?" बस्स एवढंच. शिवी नाही, धमकी नाही, कुणाला दाखवला तर म्हणतात काळजीने विचारतोय की गं. तेव्हापासून मी रात्री अंधारातच पाणी पिते. कुठली खुर्ची कुठे आहे ते पाठ झालंय मला.

तक्रार दिलीय, ती तिच्या गतीने चाललीय, त्याबद्दल इथे नको. मला यावर दहा-बारा मिनिटांची फिल्म करायचीय, फोनवरच. चेहरा आणि आवाज द्यायचा नाहीये, मग बघणाऱ्याला ते खरं वाटेल का? त्याचे मेसेज जसेच्या तसे दाखवू का? आणि जो माणूस आधीच माझ्यावर डोळा ठेवून आहे त्याच्यासमोर मी आपणहून पडद्यावर जायचं म्हणजे त्याच्याच हातात कोलीत देणं नाही का, हे तिसरं विचारायला महिना गेला.

कटपेस्ट:
डॉक्युमेंटऱ्या एडिट करतो म्हणून बोलतोय. तुम्ही लिहिलेला पाण्याचा प्रसंग हीच फिल्म आहे. भिंतीवरून चाचपडत जाणारा हात, स्विचपाशी येऊन थांबलेलं बोट, मग तसाच मागे घेतलेला हात. यात चेहरा लागतोय कुठे? नवीन लोक हमखास काय करतात तर काळी सावली, हूडी आणि मागे ढणढण म्युझिक. ते नका करू, तो फ्रेममध्ये शिरला की फिल्म त्याची होते.

चेहरा झाकून भावना पोचते का म्हणाल तर २०२० ची 'वेलकम टू चेचन्या' बघा. रशियातल्या चेचन्यातून जीव वाचवून पळालेल्या समलिंगी लोकांवर आहे. त्यांचे चेहरे ब्लर केले नाहीत, स्वयंसेवकांचे चेहरे कॉम्प्युटरने त्यांच्यावर बसवले, त्यामुळे हावभाव शाबूत राहिले. एक जण पुढे नावानिशी पत्रकार परिषदेत बोलायला येतो तेव्हा तो मुखवटा विरघळतो आणि खाली त्याचा खरा चेहरा दिसतो, मी तिथे पॉज करून बसलो होतो थोडा वेळ. तेवढा खर्च आपल्याला झेपणारा नाही हे उघड आहे, पण लपावं लागतंय हीच तुमची गोष्ट असेल तर लपणंही दिसू द्या की.

आवाजाचं म्हणाल तर नुसता पिच बदलून भागणार नाही, तो उलटा फिरवता येतो. तुम्ही लिहिलेलं दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या आणि तसं पडद्यावरच्या पहिल्याच पाटीवर सांगून टाका.

नटबोल्ट:
फिल्मबिल्म नंतर हो. ऑफिसातून निघाल्याची वेळ त्याला कळतेच कशी? ज्या फोनवर शूट करणार तोच फोन त्याला दिसत असेल तर तुमची स्क्रिप्ट सगळ्यात आधी तोच वाचणार.

व्हॉट्सॅपचे लिंक्ड डिव्हायसेस बघा, गुगल अकाउंट किती ठिकाणी लॉगिन आहे ते बघा, लोकेशन शेअरिंग कधीकाळी त्याला दिलेलं चालूच राहिलं असेल तर तेही. बॅग, गाडी चाचपा, एअरटॅगसारखा छोटा ट्रॅकर असू शकतो. अनोळखी ट्रॅकर आपल्यासोबत फिरत असेल तर २०२४ च्या मे पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हीवर अलर्ट येतो पण त्या भरवशावर राहू नका. आणि काही सापडलं तर लगेच उडवू नका!! पाळत ठेवणारं अ‍ॅप काढलं की समोरच्याला कळतं आणि असे लोक मग जास्त बिथरतात. आधी दुसऱ्या फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढा, ज्यांच्याकडे तक्रार आहे त्यांना सांगा, मग काय ते ठरवा.

शूटिंग त्याला कधीच हाती न लागलेल्या फोनवर, नव्या अकाउंटवर. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद. खिडकीबाहेरचं दृश्य, काचेतलं प्रतिबिंब, टेबलावरचं कुरियरचं पाकीट, यातनं लोक पत्ता काढतात. स्क्रीनशॉटमधले नंबर पिक्सेलेट करू नका, काळा पट्टा मारा आणि तो व्हिडिओत पक्का बसलाय ना बघा.

पानमुडपी:
तुमच्या तिसऱ्या प्रश्नासाठी लॉगिन केलं. मी अशी फिल्म केलीय, सात मिनिटांची, माझ्याबाबतीत तो एके काळचा सहकारी होता. कोलीत मिळतं का? हो, मिळू शकतं, खोटं कशाला सांगू. अपलोड केल्याच्या रात्री त्याचा मेसेज आला, "छान जमलीय". मला उलटी झाली. पण तोवर ती फिल्म माझ्या अकरा माणसांनी बघितलेली होती, मी आधी फक्त त्यांनाच एका खोलीत बसवून दाखवली होती, आणि मेसेज आल्यावर मी एकटी नव्हते, अकरा जणांना त्या दोन शब्दांचा अर्थ माहीत होता. तुमचं "काळजीने विचारतोय की" त्या खोलीत संपलं माझ्यापुरतं. म्हणून सांगते, नेटवर टाकायची घाई नको, कदाचित टाकूच नका.

आसिया बुंदावी नावाच्या दिग्दर्शिकेची २०१८ ची फिल्म आहे, 'द फीलिंग ऑफ बीइंग वॉच्ड'. शिकागोजवळच्या तिच्या वस्तीत सगळ्यांना वाटायचं की आपल्यावर सरकारी पाळत आहे आणि बाहेरचे म्हणायचे भास होतात तुम्हाला. तिने एफबीआयकडे माहिती मागितली, कोर्टात गेली, ३३ हजारांहून जास्त पानं आहेत असं निघालं. भास म्हणे.

कलमबहाद्दर:
वर चांगलं लिहिलंय सगळ्यांनी, मी फक्त मेसेजांबद्दल. मूळ चॅट जसंच्या तसं ठेवा, त्याला हात लावू नका, कात्री फिल्मसाठीच्या कॉपीवर चालवा. त्याचं नाव, नंबर, डीपी फिल्ममध्ये नको, तक्रार चालू असताना तर नकोच, उद्या तोच बदनामीची नोटीस घेऊन उभा राहील. दाखवण्याआधी तुमच्या वकिलांना दाखवा.

आणि दुसऱ्यांची परवानगी. जपानच्या शिओरी इतो यांची 'ब्लॅक बॉक्स डायरीज', २०२४ ची, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली, पण हॉटेलचं सीसीटीव्ही फुटेज फक्त कोर्टासाठी मिळालं होतं असं म्हणत त्यांच्याच आधीच्या वकिलांनी आक्षेप घेतला. अत्याचार स्वतःवर झालेला, गोष्ट स्वतःची, तरी फ्रेममधली बाकीची माणसं आपली नसतात. ज्या मैत्रिणीने साक्ष दिली असेल तिचा आवाजही विचारूनच वापरा.

कटपेस्ट:
पानमुडपी, ते एका खोलीत दाखवण्याचं मला सुचलं नसतं. अनुमोदन.

खिडकीतली:
सगळ्यांचे आभार, उशीर झाला कारण नटबोल्ट यांनी सांगितलेलं बघत होते. लिंक्ड डिव्हायसेसमध्ये एक ब्राउझर निघाला, माझा नाही. हात थरथरत होते पण लॉगआउट केलं नाही, आधी बहिणीच्या फोनने फोटो काढला आणि तक्रारीत जोडायला दिला.

मेसेज दाखवणार नाहीये. फक्त "अजून जागी?" हे दोन शब्द, पाटीवर. काल बहिणीच्याच घरी तिच्याच फोनवर पहिला शॉट घेऊन बघितला, स्विचचा. हात तिचा आहे. फ्रिजचा आवाज मात्र फार येतोय, बंद करून परत घेऊ का?

कटपेस्ट:
नको, राहू द्या, पावणेतीनला घरात तेवढाच आवाज असतो. शॉट झाल्यावर कुणी न हलता दोन मिनिटं नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा, जोडकामाला लागेल. एडिटला अडलात तर विपु (प्रोफाइलवर मेसेज) करा, पैसे वगैरे काही नको.