श्यामची आई लावायचा, पण कुठला?

सेक्रेटरी (ए-१०१): नमस्कार मंडळी 🙏 २६ जानेवारीला झेंडावंदन, सत्यनारायण, महाप्रसाद नेहमीप्रमाणे. संध्याकाळी ५ ला क्लब हाऊसमधे मुलांसाठी सिनेमा, मीटिंगमधे श्यामची आई ठरलाय. क्लब हाऊस ९ ला बंद म्हणजे बंद.

ऋतुजा (बी-५०३): कुठला पण? अत्र्यांचा की सुजय डहाकेंचा?

जोशी काका (सी-२०२): हा काय प्रश्न झाला. श्यामची आई एकच, १९५३ चा. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक, देशातलं पहिलं, ते मराठीला मिळालंय. परत तिथवर पोचायला श्वास यावा लागला, मधे पन्नास वर्षं गेली.

ईशानची आई (बी-३०१): काका नव्याला पण मिळालंय ना नॅशनल अवॉर्ड

ऋतुजा: हो, बेस्ट मराठी फिल्म. २०२३ चा सिनेमा, जाहीर झालं २०२५ मधे. त्याच यादीत नाळ २ ला बालचित्रपटाचं.

ईशानची आई: मग नाळ २ च लावा की, रंगीत तरी आहे 😄 ईशान ब्लॅक अँड व्हाइट बघितलं की टीव्ही बिघडला म्हणतो

जोशी काका: तेच तर मला कळत नाही. अत्र्यांकडे इलाज नव्हता म्हणून ब्लॅक अँड व्हाइट. डहाकेंना काय झालं होतं? सगळी सोय असताना मुद्दाम जुनं दिसायचं हा शौक झाला.

ऋतुजा: काका रंगीत केला असता तर काय झालं असतं सांगू का, कोकण म्हटलं की पहिला ड्रोन शॉट, हिरवंगार, मग नव्या कोऱ्या नऊवाऱ्या, आणि कर्जात बुडालेलं घर टूरिझमच्या जाहिरातीसारखं दिसलं असतं. मला तरी ते पटलंय.
आणि दुसरं म्हणजे अत्र्यांनी सिनेमा काढला तेव्हा साने गुरुजी जाऊन तीनच वर्षं झाली होती, १९५० ला गेले ते. थिएटरमधे बसलेल्या कितीतरी लोकांनी पुस्तक वाचलेलं असणार, काहींनी गुरुजींना भाषण करताना ऐकलेलं असणार, त्यामुळे हा माणूस कोण हे सांगत बसायची गरजच नव्हती, डायरेक्ट आई आणि श्याम. आपल्या मुलांना कुठे माहितीये? परवा लिफ्टमधे एकाला विचारलं तर म्हणाला साने गुरुजी म्हणजे रस्ता. हे पुस्तक त्यांनी १९३३ मधे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं हे किती जणांना ठाऊक आहे? नव्यात मोठेपणचे गुरुजी पण आहेत, ओम भूतकरने केलेत, म्हणजे मुलांना निदान समजेल हा श्याम पुढे कोण झाला ते.

जोशी काका: बरं. आता नव्यातलं एक गाणं म्हणून दाखव. छडी लागे छमछम ७० वर्षं झाली तरी बालवाडीतल्या पोराला येतं. भरजरी गं पितांबर, शब्द अत्र्यांचे, संगीत वसंत देसाईंचं, गायलंय आशाबाईंनी. म्हण.

ऋतुजा: नाही येत. हा पॉइंट तुमचा 🙏

सी-४०१: जुन्याची नेटवरची प्रिंट बघितली, चेहरे पांढरेफटक आणि आवाजाला खरखर. पण शब्द न् शब्द कळतो राव. तेव्हाची माणसं शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलायची. हल्ली सगळे पुटपुटतात आणि आपला तो स्पीकर, त्यात वरचा पंखा, निम्मं तिथेच जाणार

ए-३०४: मी नवीन आहे इथे म्हणून विचारते, त्यात पोहायला जात नाही म्हणून आई शिंपटीने मारते तो प्रसंग आहे ना? ६-७ वर्षांच्या मुलांना दाखवावा का?

जोशी काका: आम्ही सगळे तो वाचूनच वाढलो

ए-३०४: म्हणूनच विचारतेय काका

वहिनी (ए-४०२): माझं माहेर दापोली, पालगड तिथून जवळच, गुरुजींचं घर बघून आलोय आम्ही. त्याच गोष्टीत नंतर आई वळांवर तेल लावते हो, आणि तिच्याच डोळ्यात पाणी. मार दिसतो सगळ्यांना, तेल कोणी लक्षात ठेवत नाही. आणि मुलांना खरं म्हणजे त्या मोळीवाल्या म्हातारीची गोष्ट कळायला हवी, महार म्हणून तिला कोणी हात लावेना आणि आई श्यामला सांगते जा मोळी उचलून दे.

साठे आजी (ए-२०४): मी जुना शाळेतून बघितला होता सगळ्या मुली रडत होत्या बाई पण. पण खरं सांगते त्यात आई झालेल्या वनमालाबाई मला फार देखण्या वाटल्या, ग्वाल्हेरच्या त्या, दारात सावकाराचा माणूस बसलाय असा चेहराच नाही त्यांचा. नव्यातली गौरी देशपांडे आपल्या घरातली वाटते. श्याम मात्र जुनाच. माधव वझे. तो अभिनय नाही करत त्याला खरंच रडू येतंय असं वाटतं. पुढे पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले नाटकांवर लिहायचे, २०२५ ला गेले. जोशी तुम्ही रागावू नका

जोशी काका: आजी तुमच्यावर कोण रागावणार. पण वनमालांबद्दल हे पहिल्यांदाच ऐकतोय.

साठे आजी: मोळीची गोष्ट मी वाचून दाखवीन मुलांना. चष्मा बदलून आलाय

ईशानची आई: आजी नक्की 😍 आणि ईशानला पुढे बसवा प्लीज

सेक्रेटरी: ठरलं मग. ५ ला आजींचं वाचन, मग अत्र्यांच्या सिनेमातली दोन गाणी, मग नवा पूर्ण. ए-३०४ ना विनंती, लहान मुलांजवळ बसावं. स्पीकर या वेळी भाड्याने.

जोशी काका: म्हणजे अत्र्यांचं छायागीत करून टाकलंत.

ऋतुजा: काका १ मे ला जुना अख्खा लावू, प्रोजेक्टर मी आणते, मधे एक मिनिट फॉरवर्ड नाही.

जोशी काका: स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.