मदत हवी आहे: ६ व्होल्टची जुनी गाडी १२ व्होल्टवर न्यायचीय
माझी आणि माझ्या दोस्ताची गाडी एकाच मॉडेलची, जुनी टू स्ट्रोक, पॉइंटवाली (म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा जुना यांत्रिक स्विच असलेली). त्याचं काम निघालं की मी पाना घेऊन हजर, माझं निघालं की तो, पॉइंटचा गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) ०.३५ एमएम लावायला त्यानेच शिकवलं मला. आता त्याला रात्रपाळी लागलीय आणि आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) त्याच्या गाडीचा हेडलाइट पार पिवळा पडतो, रेस केली तरच उजळतो, मला काळजी वाटते यार, म्हणून त्याची गाडी १२ व्होल्टवर न्यायचीय. बॅटरी, बल्ब, हॉर्न, फ्लॅशर, रेग्युलेटर रेक्टिफायर (व्होल्टेज आवरून बॅटरी चार्ज करणारा भाग) सगळं १२ व्होल्टचं लागणार हे माहितीये, पण मॅग्नेटमधली (इंजिनवर वीज बनवणाऱ्या भागातली) लायटिंग कॉइल, म्हणजे दिव्यांना वीज देणारी, रिवाइंड करावीच (नव्याने तार गुंडाळावीच) लागते का? इग्निशनच्या कॉइलला हात न लावता जमेल? ज्यांनी केलंय त्यांनी वायरचा गेज (जाडी) आणि कॉइलचा फोटो टाका प्लीज, फक्त ओरिजिनल वायरिंग कापायची नाहीये, फार जीव आहे त्याचा त्या गाडीवर.