अनुभव धागा: गाडीच्या दिव्यांना घरीच बसवलेली जाळी

खडीवाली
आज माळा आवरताना पोत्यात गुंडाळलेल्या दोन लोखंडी जाळ्या सापडल्या. गोल, कडेला पट्टीचं कडं आणि चार कान. बघितल्या आणि थेट १९८८ ची दिवाळीची सुट्टी आठवली.

बाबांची महिंद्राची जीप होती. घरासमोरच्या रस्त्याला खडीक्रशर, दिवसभर डंपरची ये-जा. दोन महिन्यांत हेडलाइटच्या तीन काचा गेल्या. तिसरीचे पैसे मोजून बाबा घरी आले आणि चहाही न घेता पान्यांची पेटी काढून बसले. जाळ्या वेल्डिंगवाल्याकडून करून आणल्या, बसवायचं काम अंगणात. मी टॉर्च धरायला (भर दुपारी! पण मला काहीतरी काम हवं होतं). हाताने फिरवायचं ड्रिल पहिल्याच भोकाला घसरलं आणि ग्रिलवर हा लांब ओरखडा. बाबा गप्प. आई ओट्यावरून म्हणाली, "यापेक्षा काच परवडली असती."

खरी मजा पावसाळ्यात. आंबा घाटात रात्री उजवा दिवा गेला. त्या जीपचा दिवा समोरून रिंग काढल्याशिवाय बाहेर येत नाही, आणि रिंगेवर आता आमची जाळी. स्क्रू गंजून घट्ट बसलेले. चारातला एक काही हलेना. साखरप्यापर्यंत एका डोळ्याने उतरलो. पुढे प्रत्येक पावसाळ्याआधी बाबा त्या स्क्रूंना ग्रीस लावायचे.

तुम्ही असलं काही घरी बसवलंय का? लिहा.

टेंपो_आणि_मी
आमच्या टेंपोला टेललाइटला आहे अजून. मार्केट यार्डात हातगाडी मागून कधी लागेल सांगता येत नाही. एक जाळी चेपली की हातोडीने सरळ करायची, परत लावायची. काच मात्र शाबूत.

रविवारचा मिस्त्री
ज्यांना आता बसवायचंय त्यांच्यासाठी. भोक पाडलं की आतल्या कडेला लगेच रंगाचा हात मारा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. जाळीच्या कानाखाली रबराचा वायसर हवाच, नाहीतर खडखड ऐकून डोकं उठतं. डबल टेपच्या भरवशावर राहू नका. माझी एक बाजू पहिल्याच पावसात गेली, कशेडी घाटात कुठेतरी असेल. आणि बारीक जाळी नको. चिखल भरला की उजेड निम्मा होतो.

खडीवाली
रबराचं तेव्हा कळलं असतं तर! आमची जीप लांबूनच ओळखू यायची, गल्लीतली मुलं म्हणायची भांडीवाला आला.

सासरपुणे
आंबा घाट म्हणजे तुम्ही मलकापूरच्या का? माझं माहेर तिथलंच

खडीवाली
नाही हो, कराडजवळ. मामा रत्नागिरीला, म्हणून तो रस्ता.

सासरपुणे
अच्छा. घाटातल्या धुक्यात गरम भजी 😋 बाकी चालू द्या

पर्थकर
इकडे ऑस्ट्रेलियात जाळीऐवजी ॲक्रिलिकची पारदर्शक झाकणं मिळतात, क्लिपवर बसतात. कच्चे रस्ते आणि उडणारी खडी इथेही आहे. अर्ध्या तासात बसवली, स्वतःवर खूश. पण आत धूळ जाते आणि ती घासून मूळ दिव्यालाच ओरखडे. आता महिन्यातून एकदा काढून पाण्याने धुतो.

टेंपो_आणि_मी
आणि कांगारू आडवा आला तर?

पर्थकर
मग झाकण काय, बोनेटही गेलं 😄

जुनी_चाळ
आमच्याकडे उलटं. १९७१ च्या ब्लॅकआउटमध्ये हेडलाइटच्या वरच्या अर्ध्या भागाला काळा रंग. मुंबईत. वडिलांनी साहेबांच्या गाडीला स्वतः लावला, मी डबा धरला होता. खिडक्यांना काळे कागद. युद्ध संपल्यावर तो रंग रॉकेलने खरवडत बसलो होतो. दिवे फुटू नयेत म्हणून नाही, दिसू नयेत म्हणून. विषयाला धरून नसेल तर माफ करा.

खडीवाली
काका, माफी कसली. अजून लिहा.

घाई_आहे
जाळी चालते का पण? दंड?

रविवारचा मिस्त्री
बुल बारची (बंपरपुढे लावतात तो लोखंडी दांडा) बंदी वेगळी. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. पायी चालणाऱ्याला मार जास्त लागतो आणि एअरबॅगच्या सेन्सरचंही बिघडतं म्हणून. जाळी लावायची तर आरटीओत विचारून घ्या. मी पासिंगच्या आदल्या दिवशी काढून ठेवायचो 🙈

हेअरड्रायरवाली
हल्लीच्या गाडीला कुठे भोकं पाडता! मी फिल्म लावली. दिव्यावर साबणाचं पाणी फवारलं, फिल्म ठेवली, जुनं एटीएम कार्ड फडक्यात गुंडाळून मधून कडेला पाणी काढत गेले, वळणावर ड्रायरची ऊब. डावा दिवा झकास. उजव्यावर मांजर चालून गेलं. पंजे अजून आत आहेत.

घाई_आहे
पिवळ्या पडलेल्या दिव्याला टूथपेस्ट चालते ना?

हेअरड्रायरवाली
चालते, पंधरा दिवस. वरचा थर उन्हाने गेलेला असतो, घासून तो परत येत नाही. फिल्म लावायचीच तर दिवा नवा असतानाच.

सासरपुणे
मांजराचं नाव काय?

हेअरड्रायरवाली
बकुळा

खडीवाली
बाबांना आत्ता फोन केला. म्हणाले भंगारात देऊ नकोस. मग एक जाळी तुळशीच्या कुंडीवर ठेवलीय, शेजारचं मांजर माती उकरतं. कुंडीच्या तोंडाला अगदी बरोबर बसली, ड्रिल नको की स्क्रू नको.

सासरपुणे
फोटो टाका. जाळीचा नको, मांजराचा.