काचेच्या नळीवर कव्वाली: डेरेक ट्रक्सचा ‘सॉन्गलाइन्स’ आणि गोऱ्यांची ‘घसरगुंडी’

काचेची_नळी
काल तानपुरा७२ यांनी भलत्याच धाग्यावर जाता जाता डेरेक ट्रक्स या अमेरिकन स्लाइड गिटारवाल्याच्या ‘सॉन्गलाइन्स’ या अल्बमवर एक पिंक टाकली. जशीच्या तशी देतो: “सॉन्गलाइन्स ऐकला. ब्लूजचा भात, त्यावर जॅझची आमटी आणि नुसरतची कव्वाली कोशिंबिरीसारखी बाजूला. गोऱ्यांना मींड येत नाही, ते नुसते घसरतात.” (मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर मध्ये न तोडता जाणं.) त्यावर अठरा जणांनी टाळ्या वाजवल्या. रात्री झोप नाही आली राव, म्हणून हा धागा. लांब आहे, ज्यांना घाई आहे त्यांनी रील्स बघा.

मी स्वतः अकरा वर्षं स्लाइड गिटार वाजवतोय. वाईट वाजवतो, बायकोला विचारा. पण वाईट वाजवणाऱ्याला हे किती अवघड आहे ते नीट कळतं. करंगळीत काचेची नळी, तार दाबायची नाही नुसती टेकवायची, पडदा म्हणजे फक्त खूण, नळी पडद्याच्या बरोब्बर वर आली तर सूर, केसभर अलीकडे राहिली की शेजारचं कुत्रं रडायला लागतं. त्यात नळीच्या मागे दुसऱ्या बोटाने तार गप्प ठेवायची, उजव्या हाताने नको त्या तारा धरून ठेवायच्या, नाहीतर सगळी नुसती खडखड. याला घसरणं म्हणायचं तर सारंगिये पण नखाने घसरतातच की.

आता ट्रक्स. १९७९चा जन्म, जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा. काका बुच ट्रक्स ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडचा ड्रमर. नवव्या वर्षी कुणाच्या तरी अंगणात विकायला काढलेल्या जुन्या सामानातून पाच डॉलरची गिटार मिळाली, हात लहान म्हणून स्लाइड धरली. विशीत ऑलमन ब्रदर्समध्येच घेतला त्याला. पिक नाही, नुसती बोटं, आणि गिटार ओपन ई मध्ये लावलेली, म्हणजे मोकळ्या तारा छेडल्या तरी ई मेजर कॉर्ड वाजते. आणि हा माणूस कॅलिफोर्नियात सॅन राफाएलला सरोदिये अली अकबर खाँसाहेबांच्या कॉलेजात जाऊन बसलाय. अल्बम २००६चा. सुरुवात जॅझवाल्या रोलंड कर्कच्या ‘व्हॉलंटिअर्ड स्लेव्हरी’ने, मग ‘क्रो जेन’सारखं जुनं ब्लूज, आणि मध्येच ‘साहिब तेरी बंदी’ आणि ‘माकी मदनी’ जोडून जवळजवळ दहा मिनिटं, गाणारा कुणी नाही, आवाजाची जागा स्लाइडने घेतलीय. अल्बमवर नुसरतचं नाव आहे, चोरीबिरी काही नाही.

आणि गंमत म्हणजे मींडेवरून नाक मुरडणारे हेच लोक मैफिलीत पेटीच्या साथीला ‘क्या बात है’ करतात. पेटीवर एक मींड काढून दाखवा, मग ट्रक्सकडे बघू.

तानपुरा७२
एवढं लिहिलंत त्याबद्दल आभार, पण माझा मुद्दा तुम्ही वाचलाच नाही. चोरी म्हणालो का मी? कव्वाली म्हणजे बोल. एक ओळ घ्यायची, ती दहा वेळा म्हणायची, मध्येच दुसरा शेर गिरह म्हणून बांधायचा, परत त्याच ओळीवर यायचं, तोवर समोरचा माणूस हललेला असतो. टाळी आहे, मागचे सात-आठ गळे आहेत. ते सगळं काढून नुसती चाल उचलली की उरते ती ट्यून. लग्नात शहनाईवर ‘राजा की आएगी बारात’ वाजवतात तसं. छान वाजवतात, मी नाही म्हणत नाही. पण तिला कव्वाली म्हणू नका.

आणि अली अकबर खाँच्या कॉलेजात गेला म्हणून काय झालं? माझा भाचा पण आयआयटीत गेला होता, फेस्टिव्हलला.

काचेची_नळी
बोल काढले की कव्वाली मरते, मग बिस्मिल्लाखाँनी ठुमरी-कजरी वाजवली तेव्हा काय मेलं होतं? वाद्यावर गायकी अंग आणणं ही आपलीच शंभर वर्षांची धडपड आहे ना? आपल्याकडे झाली की तपश्चर्या, फ्लोरिडात झाली की कोशिंबीर.

जर्सीचा_जोश्या
मी न्यूयॉर्कला बीकन थिएटरमध्ये ऐकलाय त्याला, बायकोबरोबरच्या मोठ्या बँडमध्ये, टेडेस्की ट्रक्स. तिकिटाच्या वर जे चार्जेस लावतात ना त्यात आमच्याकडे दोघांची थाळी येते, ते असो. तुम्ही रेकॉर्डवर भांडताय, समोर बघा एकदा. माणूस हलत नाही. चेहऱ्यावर काही नाही, केसांची शेंडी आणि लाल गिटार. आणि एक सूर धरतो तो अगदी सावकाश वर चढवतो, पोचतो पोचतो असं वाटतं आणि अलीकडेच थांबवतो. माझ्या शेजारी एक म्हातारा अमेरिकन होता, त्याने डोळे मिटून ‘हं’ केलं. तो ‘हं’ मी दादरला माझ्या आजोबांच्या तोंडून ऐकलाय. बाकी मला शास्त्र कळत नाही.

तानपुरा७२
म्हातारे डोळे मिटतातच.

पेटीवाले_पंत
मूळ विषयाशी मला देणंघेणं नाही. पण हे वाक्य कुणी लिहिलं? “पेटीवर एक मींड काढून दाखवा.” वा! गिटार वाजवणाऱ्यांनी आम्हाला शिकवायचं. अहो, १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं, आणि तेव्हाही वरच्या श्रेणीच्या कलाकारांपुरतीच उठली. एकतीस वर्षं! तेव्हाही हेच कारण, मींड नाही, श्रुती (सुरांमधल्या बारीक जागा) नाहीत, परदेशी वाद्य. त्या काळात कोण थांबलं का पेटीसाठी? गोविंदराव टेंब्यांनी भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याला पेटीची साथ केली ती काय टाइपरायटरवर? भीमसेनजींच्या मागे अप्पा जळगावकर बसायचे, कुणाला मींड कमी पडली तिथे? पेटी मींड काढत नाही, पेटी मींडेचा भास करते, दोन सुरांच्या मधली जागा भात्याने आणि बोटाने भरते. भास निर्माण करणं ही जास्त मोठी कला आहे. घासून तर कुणीही जाईल.

काचेची_नळी
पंत, भास हा शब्द तुम्हीच वापरलात, मी नाही. बघा, पेटी आणि पडद्यांची गिटार, दोघींचं दुखणं एकच. समान सप्तकातला, म्हणजे सगळे स्वर सारख्या अंतरावर बसवलेल्या सप्तकातला, शुद्ध गांधार (ग) तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गांधारापेक्षा १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातले १४) चढा असतो, पट्टी दाबली की तेवढा चढाच वाजणार, तुम्ही टेंबे असा नाहीतर कुणीही. नळी लावली की त्या तुरुंगातून सुटका. ब्लूजवाला जो गांधार लावतो तो कोमल आणि शुद्धच्या मध्ये कुठेतरी असतो, पियानोवाले बिचारे दोन्ही पट्ट्या एकदम दाबतात.

पेटीवाले_पंत
१४ सेंट! इंटरनेटवर वाचून आलेला व्यासंग. डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी केलीय हे माहीत आहे का? की ते अमेरिकेत झालं नाही म्हणून दिसलं नाही? माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं शाळेत नोकरी करून संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवली, एक पैसा घेतला नाही. त्यांना एकदा एका विद्वान गवयाने भर कार्यक्रमात सांगितलं, “मास्तर, पेटी जरा लांब सरकवा, सूर बिघडतोय.” दोनशे माणसांसमोर. त्यानंतर वडिलांनी चारचौघांत पेटी उघडली नाही. तेव्हा तुमचा तुरुंग आणि सुटका तुमच्यापाशी ठेवा.

रानजाई
पंत, वाईट वाटलं वाचून. खरंच. पण काचेची_नळी म्हणजे तो गवई नव्हे हो.

गिरगावची_गल्ली
ओक साहेबांच्या पेटीचं ठीक आहे, पण २२ श्रुती सुट्या मिळाल्या तरी एकीवरून दुसरीवर जाताना मधलं कुठून आणणार? बालगंधर्वांच्या मागे पायाचा ऑर्गन होता तसा कादरबक्षांची सारंगीपण होती, उगीच नाही. सारंगी गेली आणि पेटी राहिली कारण सारंगीच्या साथीदाराला ताफ्यात घेऊन फिरणं प्रतिष्ठितांना जड जायला लागलं, सुरांचं कारण नंतर शोधलं. यावर कुणी बोलत नाही.

पेटीवाले_पंत
सारंगी लावायला अर्धा तास लागतो, हे कारण पुरेसं आहे.

गिरगावची_गल्ली
गायला तीन तास बसतात, लावायला अर्धा तास जड? आणि एक, आपल्याकडे स्लाइड नवीन असल्यासारखं काय बोलताय सगळे? आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक काका हवाईयन गिटार मांडीवर घेऊन सिनेमाची गाणी वाजवायचे, लोखंडी कांडी, गणपतीत दरवर्षी एकच कार्यक्रम आणि दरवर्षी तीच सहा गाणी. गिटारवर सिनेमाची गाणी वाजवणारे व्हॅन शिपली रेकॉर्डवर आणि आमचे काका गच्चीवर. पुढे ब्रिजभूषण काब्रांनी त्याच मांडीवरच्या गिटारवर रागदारी वाजवली, ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हा अल्बम १९६७चा, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर. आणि काब्रा शिकले कुणाकडे? अली अकबर खाँसाहेबांकडेच. म्हणजे तुमचा ट्रक्स आणि आमचे काब्रा एका अर्थी एकाच घरी चहा प्यायलेत.

तानपुरा७२
काब्रा आयुष्यभर शिकले. ट्रक्स वर्गात बसला. एकाच कपातला चहा नाही तो.

रानजाई
मला एक कळत नाही, ‘गोऱ्यांना येत नाही’ हे वाक्य मुळात कशाबद्दल चाललंय? स्लाइड गोऱ्यांची आहे का? मिसिसिपीत काळी पोरं भिंतीला एक तार ठोकून त्यावर बाटली नाहीतर सुरी फिरवायची, डिडली बो म्हणतात त्याला, मूळ पश्चिम आफ्रिकेतलं. १९०३ला तिथल्याच टटवायलरच्या स्टेशनवर डब्ल्यू. सी. हॅंडी या ब्लूजच्या संगीतकाराने एका काळ्या माणसाला गिटारवर सुरी सरकवताना ऐकलं आणि आठवणीत लिहून ठेवलं की हवाईयन गिटारवाले कांडी फिरवतात तसंच. म्हणजे उसनवारीचाच हिशेब मांडायचा तर ट्रक्सची पहिली उधारी मिसिसिपीत आहे, नुसरतकडे नंतर. ऑलमन ब्रदर्सनी मोठी केलेली किती गाणी काळ्यांची होती ते बघा आणि पैसे कुणाकडे गेले ते बघा. आपण मात्र फक्त आपल्या वाटणीच्या तक्रारीला उभे.

काचेची_नळी
हे बरोबर आहे. माझ्या बाजूचं नाही, पण बरोबर आहे.

फोंड्याची
मी इथे फक्त वाचते, पण आज लिहिणं भाग आहे. आमच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांचं नाव कसं कुणी घेतलं नाही? १९७७ साली व्हॉयेजर यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली ना, तिच्यावर केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ भैरवी आहे. आणि त्या भैरवीला लागूनच पुढे काय आहे माहीत आहे? ब्लाइंड विली जॉन्सन या अमेरिकन गायक-गिटारवाल्याची १९२७ची स्लाइड. शब्द नाहीत, नुसता हुंकार आणि गिटार. आधी केसरबाई, मग विली, मग बेथोव्हेन. मी दोन्ही पाठोपाठ लावते कधी कधी, रात्री, घरातले झोपल्यावर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं बाई गायच्या थांबल्याच नाहीत, नुसतं गळा बदललाय. व्हॉयेजर १ सप्टेंबरच्या ५ तारखेला सुटलं आणि त्याच महिन्याच्या १६ला केसरबाई गेल्या.

तानपुरा७२
विली जॉन्सनला मी कधी नाही म्हटलं? आंधळा माणूस, प्रार्थनेचं गाणं, त्याच्यात खोटं काहीच नाही. त्याने कव्वाली वाजवायचा प्रयत्न केला नाही हेच तर त्याचं मोठेपण.

काचेची_नळी
कारण त्याला १९२७ मध्ये डॅलसला बसून कव्वाली ऐकायला मिळाली नव्हती! मिळाली असती तर वाजवली नसती असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगताय?

पेटीवाले_पंत
व्हॉयेजरवर पेटी नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

जर्सीचा_जोश्या
पंत, वजन जास्त झालं असतं 😄

पेटीवाले_पंत
हसा. वडिलांची पेटी माझ्याकडे आहे. कलकत्त्याची, अजून एक सूर हलला नाही. काचेची_नळी पुण्यातच असतील तर रविवारी या, तुमचा तो गांधार घेऊन. मी माझ्या पट्टीवर बसतो, तुम्ही नळी लावा, कोण कुणाला बिघडवतो बघू.

काचेची_नळी
येतो. पण सांगून ठेवतो, माझाच बिघडेल. तुम्ही स्थिर असणार आणि मी तुमच्या आजूबाजूला घिरट्या घालणार. आणि तुमच्या वडिलांबद्दल, माझं ते पेटीचं वाक्य जरा जास्तच झालं. काढत नाही, कारण खरं आहे. पण जास्त झालं.

तानपुरा७२
आज ऑफिसला जाताना ट्रॅफिकमध्ये ‘साहिब तेरी बंदी’ परत ऐकलं. दोनदा. बासरीवाला चांगला आहे. कोफी बर्बरिज का काय नाव होतं त्याचं, त्याला मींड यायची. ट्रक्सबद्दल माझं मत तेच आहे.

काचेची_नळी
दोनदा का ऐकलंत मग?

तानपुरा७२
सिग्नल मोठा होता.