लाल इंडिकेटर: अमेरिकन व्हॅनचा हा हट्ट कशाला?

जर्सीकर:
काल पावसात टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर होतो. शेजारच्या लेनमध्ये पुढे एक डिलिव्हरी व्हॅन, मध्ये एसयूव्ही, त्यामुळे व्हॅनचा डावा दिवा तेवढा दिसत होता. लाल. लागला, विझला, पुन्हा लागला. मला वाटलं ब्रेक मारतोय. तेवढ्यात ती माझ्यापुढे शिरलीसुद्धा! युरोपात व्हॅनचा मागचा इंडिकेटर नारिंगीच लागतो. इथे लालही चालतो, तोही ब्रेकच्याच दिव्यात. नारिंगी सक्तीचा करा, असं माझं स्पष्ट मत.

ओहायोचा गॅरेजवाला:
असहमत. मग मागे वर मधोमध असतो तो तिसरा ब्रेक लाइट कशासाठी आहे? व्हॅनना तो १९९४ च्या मॉडेलपासून सक्तीचा आहे. वरचा पेटला तर ब्रेक, नुसता बाजूचा लुकलुकला तर वळण. आणि ट्रेलरचं काय? इथल्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळी तार डावीकडची, हिरवी उजवीकडची; ब्रेक आणि इंडिकेटर त्याच तारेतून जातात. गाडीचा इंडिकेटर वेगळा असला की मध्ये दोन्ही संकेत एका तारेत घालणारी कन्व्हर्टरची डबी आली. पाणी शिरलं की पहिली तीच जाते. परवा एक उघडली, आत नुसता हिरवा गंज.

श्टुटगार्टची:
दादा, तुमची एक डबी वाचावी म्हणून मागच्याने कोडी सोडवत बसायचं का? अमेरिकेच्याच सरकारी रस्ते-सुरक्षा संस्थेचा, एनएचटीएसएचा, २००९ चा अहवाल बघा. वळताना, लेन बदलताना मागून धडक बसण्याचं प्रमाण नारिंगी इंडिकेटरवाल्या गाड्यांत ५.३ टक्क्यांनी कमी निघालं.

ओहायोचा गॅरेजवाला:
५.३ साठी एवढा आटापिटा? ताई, आधी तुमच्याकडचा मागचा फॉग लाइट आवरा. जर्मनीत आलो होतो तेव्हा डोळे दिपून गेले.

श्टुटगार्टची:
ते मान्य. दृश्यता ५० मीटरच्या आत आली तरच लावायचा, आणि मग वेगही ५० च्या वर न्यायचा नाही, असा नियम आहे. लोक रिमझिम सुरू झाली की लावतात आणि ऊन पडलं तरी विसरतात. पण दाट धुक्यात तो एकच दिवा दिसतो हो.

कोथरूडकर:
आमच्याकडेही नारिंगीच. इंडिकेटर गाडीला असतो, हे नक्की. देतो कोण, हा वेगळा धागा काढा.

जर्सीकर:
गॅरेजवाले, साइड मार्करचं अमेरिकेला मानतो. इथे बाजूचे दिवे १९७० पासून सक्तीचे, युरोपात गाडी ६ मीटरहून लांब असेल तरच. पण तुमचा तो तिसरा दिवा? कालच्या व्हॅनच्या छतावर शिडी बांधलेली होती. तिचं टोक नेमकं त्याच्यासमोर लोंबत होतं.

ओहायोचा गॅरेजवाला:
मग शिडी बांधणाऱ्याला धरा ना, लाल दिव्याला कशाला?